मामांचं ऊन

जळगावच्या उन्हाला शिव्या न देणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. मे महिन्यात दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हा हे गृहस्थ डोक्याला उपरणं गुंडाळून गच्चीवर उभे राहतात आणि आभाळाकडे बघून हळहळतात, "जावईबापू, हाई बठ्ठं ऊन फुकट जाई ऱ्हायनं." म्हणजे, हे सगळं ऊन वाया चाललंय. माझ्या साखरपुड्याला पाहुण्यांचा चहा सूर्यचुलीवरच होणार, असा त्यांनी हट्ट धरला होता. अंगठ्या घालून झाल्या, जेवणं झाली, पाहुणे भुसावळला पोचलेसुद्धा असतील, तेव्हा कुठे पातेल्यात पहिला बुडबुडा आला. मामांना त्याचंही केवढं कौतुक!

अशा माणसाच्या वाट्याला वडिलोपार्जित बंद डाळमिल आली, मग काय विचारता! भावांना तिथे प्लॉट पाडायचे होते. मामांना मात्र तिथे शहराचं पहिलं हरित उद्योगकेंद्र हवं होतं. उन्हावर चालणारे पंखे, शेतातल्या कचऱ्यापासून गॅस, आणि जुन्या गोदामांत नवे धंदे काढणारी तरुण मंडळी. हे वेड का, तेही सांगतो. मामांची एकुलती एक मुलगी इंजिनिअर होऊन पुण्याला गेली ती गेलीच. "पोरं शिकतात ती गाव सोडायलाच का?" एवढं एकच ते विचारायचे. शेवटी भावांनी अट घातली, सरकारी समितीने जागा पसंत केली तर ठीक, नाहीतर बुलडोझर.

समिती आली ती भर एप्रिलात, टळटळीत दुपारी. मिलची जुनी वीज मामांनी मुद्दामच तोडून टाकली होती, जे चालेल ते छतावरच्या सौर पट्ट्यांवरच. मामांनी ऐटीत बटण दाबलं. पंखा हलला नाही. दुसरं दाबलं, तोही ढिम्म. समितीच्या साहेबांच्या मानेवरून घाम ओघळायला लागला आणि धाकटे भाऊ मिशीतल्या मिशीत हसायला लागले. मी धावत छतावर गेलो. बघतो तर काय, एकूण एक पट्टीवर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर ज्वारीचे ओले बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, ओळीने वाळत घातलेले! मध्ये खुद्द मामी, सोबत गल्लीतल्या साऱ्या बायका.

"इतली निर्मळ काच, वर कडक ऊन," मामी शांतपणे म्हणाल्या, "रिकामी कशाला ठेवायची?"

मागोमाग मामा आले, समितीही आली. मला वाटलं, आता मामा मामींवर कडाडणार. मामांनी क्षणभर बिबड्यांकडे पाहिलं आणि ते साहेबांना म्हणाले, "तुम्ही परत खाली जा, नि पंख्यांकडे बघा." मग मामींना म्हणाले, "एक एक लुगडं उचला, सावकाश." पहिलं लुगडं निघालं तसा खालचा पंखा कण्हला. आणखी निघाली तसा फिरू लागला, दुसरा, तिसरा, आणि शेवटचं निघालं तेव्हा गोदामातली वर्षानुवर्षांची धूळ समितीच्या डोक्यावरून भर्रकन उडाली. साहेब टाळ्या वाजवत होते! ऊन म्हणजे वीज, हे इतकं स्वच्छ त्यांना कुठल्याच सादरीकरणात दिसलं नव्हतं. जागा तिथल्या तिथे पसंत झाली. बिबड्यांसाठीही एक सौर वाळवणयंत्र बसलं, आणि केंद्रातला पहिला उद्योग मामींचाच ठरला.

आज गोदामं भरलीत. कोणी केळीच्या खांबाचा धागा काढतं, कोणी ठिबकला पाणी कधी सोडायचं ते सांगणारं यंत्र करतं. मामांची मुलगी उद्घाटनाला आली, भरपूर फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिकडे तिचं घर आहे, मुलांच्या शाळा आहेत.  मामा मात्र रोज संध्याकाळी केंद्रात टेबलाटेबलापाशी जाऊन तिथे काम करणाऱ्या पोरींना सांगतात, "चला, घरी जा, आई वाट बघत असेल." परवा मीही सोबत होतो. गाडी सुरू करता करता त्यांतली एक मुलगी म्हणाली, "मामा, पुण्याची नोकरी आली होती. नाही म्हटलं." मामा हसले. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी ते फाटकाशी उभेच होते.