कणकीची पिशवी

नेमबाजीच्या राज्य संघाच्या निवडीसाठी माझी एकच गोळी उरली होती. दुर्बीण लावलेलं, दर गोळीला हातानं खटका ओढून भरायचं बोल्टचं पिस्तूल मी पिशवीवर टेकवलं होतं. बाबांच्या स्टील प्लांटमधल्या जुन्या पँटीची ती पिशवी आईनं शिवून तांदळाच्या कणकीनं, म्हणजे तुकडा तांदळानं, भरली होती. तरी दुर्बिणीतली काळी फुली थरथरत होती. मी मूठ आवळली.

मागून बाबा पुटपुटले, "कावून गळा दाबून राहिली पिस्तुलाचा? पिशवीलेच धरू दे ना त्याले, माय."

मी मूठ सैल केली. कणकी मंद करकरली, पिस्तूल तिच्यात रुतलं. उरलेल्या सूक्ष्म हेलकाव्यात मला माझीच नाडी दिसली. माझं रक्त लक्ष्याच्या त्या दूरच्या कागदावर चालत होतं. दोन ठोक्यांमधल्या अथांग शांततेत चाप ओढला गेला.

लक्ष्याच्या मध्यभागी भोक पडलं आणि त्यातून भिलाईच्या उन्हाचा ठिपका उजळला. निवड झाल्याचं बाबांनी सांगितलं, तेव्हाही मी त्या ठिपक्याकडेच पाहत होते.