बेलरच्या झडपेतला निळा धागा

वहिनी शिंप्याच्या घरातल्या. लग्न होऊन गोठ्याच्या घरात आल्या तेव्हा गाय शेपूट हलवते ती रागाने की लाडाने, एवढंही त्यांना कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका गाईने त्यांच्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत चघळली आणि या आपल्या तिचीच समजूत काढत उभ्या! पण बाई जिद्दीची. बघता बघता धार काढायला शिकल्या, ट्रॅक्टर शिकल्या, आणि यंदा नवऱ्याच्या कमरेने ऐन हंगामात दगा दिल्यावर बेलरही त्यांनीच हाती घेतला.

बेलर म्हणजे वाळलेलं गवत गिळून त्याचा गोल गठ्ठा वळणारं यंत्र. त्याच्या पाठीमागे भलाथोरला दरवाजा असतो. तेलाच्या दाबाने तो गच्च मिटून राहिला तर गठ्ठा दगडासारखा होतो. दाब उतरला की दरवाजा किलकिला होतो आणि मागून उसवलेल्या गादीसारखं काहीतरी बाहेर पडतं.

त्या दुपारी नेमकं तसंच पडलं. एक पडलं, दुसरंही पडलं. कुरणभर गवत कापून, वाळवून, रांगा लावून तयार होतं. गाईंचा थंडीतला सगळा चारा तोच. आणि टेकडीमागून ढग चढत होते. भिजलं की बुरशी, आणि बुरशीचं गवत गाय तोंडात धरत नाही.

रांगा ओढणारे भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले. ढिल्या गठ्ठ्याला त्यांनी पायाने ढोसलं, तसा तो एका कुशीवर कलंडला.

"वहिनी, हा गठ्ठा आहे की जेवून लवंडलेला पाहुणा?"

"हसा. थंडीत गाईंना तुमचे विनोद घालू."

"मी काय म्हणतो, दादा उठेपर्यंत हे मशीन झाकून ठेवू. दुसऱ्या कोणाचा बेलर मिळतो का बघतो."

"आणि तो येईपर्यंत त्या ढगांना थोपवून कोण धरणार? तुम्ही?"

वहिनींनी फोन काढून नवऱ्याला लावला आणि मोठ्या आवाजावर टाकून चाकावर ठेवला. गुडघ्यांखाली उशी घेऊन आढ्याकडे बघत पडलेला तो माणूस दुखणं ऐकायच्या आधीच निदान सांगून मोकळा झाला.

"पंप गेला असणार, अगं."

"कंबर गेली तेव्हाही तुम्ही आधी गादीलाच दोष दिला होता. थांबा जरा, बघू दे."

शिवण बिघडली की वडील मशीनला दोष न देता आधी सुई बघत, मग दोरा, मग चाक. वहिनींनीही तसंच एकेक घ्यायचं ठरवलं. तेल बघितलं, पुरेसं होतं. दरवाजा मिटवून तरफ धरून ठेवली, तर दाबाचा काटा वर जाऊन तिथेच थांबला. तरफ सोडली, तर काटा पेंगल्यासारखा खाली.

"म्हणजे पंप बिचारा धडधाकट आहे," त्या म्हणाल्या. "दाब येतोय, टिकत नाहीये."

"नळ्या बघ. पण गळती हाताने चाचपू नकोस! दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं."

"पुठ्ठा घेतलाय हो."

पुठ्ठा सगळ्या नळ्यांवरून फिरला आणि कोरडा परत आला. मग त्यांनी पुन्हा दाब चढवून, दरवाजा उचलणाऱ्या सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीचा कॉक बंद करून पाहिला. आता सिलिंडरांतला दाब बाहेर पडायला वाटच नव्हती, आणि काटा जागचा हलेना. भाऊजी वाकून बघत राहिले, जणू काटा आपल्याला भिऊन थांबलाय.

"सिलिंडर निर्दोष," वहिनी म्हणाल्या. "उरली एकेरी झडप. तेल आत सोडायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तेच ती करत नाहीये."

"आधी दाब उतरव!" फोन ओरडला.

दरवाजा पूर्ण मिटवून, ट्रॅक्टर बंद करून, कॉक उघडून, तरफ पुढेमागे हलवून काटा शून्यावर आणल्यावरच त्यांनी पाना लावला. झडपेतली छोटी गोळी तळहातावर आली. ती जिथे बसते त्या कडेला केसाएवढं काहीतरी चिकटलं होतं. वहिनींनी ते चिमट्याने उचलून उजेडात धरलं. शिंप्याच्या मुलीला धागा ओळखायला कितीसा वेळ!

"विणीचा सुती धागा. निळा. अहो, तुमची ती जुनी बनियन!"

फोन सावध झाला.

"तिचं काय?"

"मी रोज नळ्या जोडताना टोकं पुसत होते ना तिने. तुम्हीच बजावलं होतं, पुसल्याशिवाय जोडायचं नाही."

"पुसायचं म्हटलं होतं. माझ्या बनियनने पुस असं कुठे म्हटलं?"

"नको असंही नव्हतं म्हटलं!"

भाऊजी चाकाला धरून हसत सुटले. "एक जण घाण नको म्हणून पुसायला सांगणार, दुसरं त्याचीच बनियन फाडून पुसणार. बेलरने बिचाऱ्याने कोणाचं ऐकायचं?"

झडप स्वच्छ तेलात धुऊन, फडका न लावता, तशीच निथळवून वहिनींनी बसवली. ट्रॅक्टरवर चढून तो चालू केला, तरफ ओढली आणि सोडली. काटा वर गेला तो वरच. त्या खाली उतरल्याच नाहीत. पहिली रांग घेतली, दुसरी घेतली. दरवाजा उघडला, गठ्ठा बाहेर आला आणि कुठेही न सैलावता जरासा घरंगळून उभा राहिला. भाऊजींनी त्याला टाच मारली आणि टाच धरून एका पायावर नाचले.

"लागलं का?" वहिनींनी वरून विचारलं.

"लागलं! म्हणजे गठ्ठा चांगला झालाय!"

मग ते दोन ढिले गठ्ठे पुन्हा पसरून बांधले. गठ्ठ्यामागून गठ्ठा शेडमध्ये जात राहिला, आणि पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले तेव्हा कुरणात फक्त खुंटं होती.

शेडच्या दारात दोघं उभे राहिले. भाऊजींनी घसा खाकरला. "वहिनी, माझा वरच्या कुरणाचा तुकडा अजून कापायचाय. ऊन पडलं की कापतो. तुम्हीच याल ना बांधायला?"

"दुसऱ्या कोणाचा बेलर बघणार होतात ना?"

"चुकलं म्हणतो ना."

"मग येईन. पण रांगा सरळ ओढा, भाऊजी. आज तुमच्या वाकड्या रांगांनी माझे गठ्ठे एका बाजूने फुगलेत."