माझ्या अंगातला मिथेन

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला खुर्चीवर बसून करायचं काम मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं. आमचं गाव चंद्रपूरकडचं. मामा तिथल्या कोळशाच्या भूमिगत खाणीत. खाणीत मिथेन साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि ठिणगी पडली की खेळ संपला. म्हणून तिथं गॅस मोजणारं यंत्र माणसाच्या छातीवर अडकवलेलं असतं. ही यंत्रं तपासणीला डिचोलीतल्या एका लहानशा कारखान्यात येत. मामानं तिथं शब्द टाकला आणि मी गोव्यात पोचलो.

मालकाला सगळे ‘पात्रांव’ म्हणत. मला आधी ते आडनाव वाटलं, म्हणून मी ‘पात्रांव साहेब’ म्हणायचो. म्हणजे मालक साहेब. त्यानं कधी दुरुस्त केलं नाही, त्याला बहुतेक आवडत असावं.

काम असं: यंत्राची जाळी ब्रशनं साफ करायची, स्वच्छ हवेत शून्य लावायचं, मग छोट्या सिलिंडरमधला मिथेन त्यावर सोडायचा. सिलिंडरवर लिहिलेला आकडाच पडद्यावर यायला हवा. “शून्य फट, तर मनीस मेलो,” पात्रांव म्हणे. फट म्हणजे खोटं. त्या खोलीत अत्तर, स्प्रे, सॅनिटायझर बंद. भीतीपोटी मी डोक्याला तेल लावणंही सोडलं होतं. इथून काढलं तर मामाला काय तोंड दाखवू, हीच चिंता चोवीस तास.

आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मला सर्दीनं धरलं. नाक असं बंद झालं की जेवताना भात कुठला आणि माशाचं हुमण कुठलं ते जिभेलाही कळेना. जवळच्या सर्वण गावात ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्या काकी सकाळी बाटली घेऊन आल्या.

“सदरो काड. वखद लायतां.”

वखद म्हणजे औषध, एवढं मला कळायचं. आमच्या घरी औषध पोटात घेतात, म्हणून मी तोंड उघडलं.

“पिवपाक न्हय रे, चोळपाक,” म्हणत त्यांनी छाती-पाठ अशी रगडली की मी आईला आठवलं. वर आणखी जाड स्वेटर चढवला.

बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला. आजारी माणसाला जागा देतात, किती चांगले लोक. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, सकाळींच?”

“हो जी, रोज याच वेळेला,” मी म्हणालो. मागचे का हसले ते कळलं नाही.

कारखान्यात बसलो आणि शून्य लावत गेलो. शिंकायला दाराबाहेर जाऊन आलो, तर लावलेली सगळी यंत्रं शून्याच्या खाली घसरलेली. घाबरून कालच्या तयार यंत्रावर वाकलो, तर ते केकाटायला लागलं.

पात्रांव धावत आला. “जनेलां उगड,” तो ओरडला. मी खिडक्या उघडल्या. चहाचा गॅस सिलिंडर आम्ही अंगणात नेऊन ठेवला. मग तो यंत्र घेऊन फणसाखाली उभा राहिला. शून्य. मी आकडा बघायला जवळ गेलो, ते ओरडलं. तो मागं सरला, गप्प झालं. मी आदबीनं पुन्हा पुढं झालो, पुन्हा ओरडलं. असे आम्ही फणसाला दोन फेऱ्या मारल्या.

तेवढ्यात पार्स्याहून येणारी ताई पोचली. ती आमच्यातली जुनी कारागीर. फाटकातच थांबली.

“पात्रांव, हो मिथेन न्हय. ही फेणी. आमच्या भाटयेर असोच वास येता.” भाटी म्हणजे दारू गाळायची भट्टी.

यंत्राला दारूची वाफही मिथेनच वाटते, हे तिनं मला समजावलं. मी शपथेवर सांगितलं की मी पीत नाही. स्वेटर वर करून काकींनी चोळलेली छातीही दाखवली.

“म्हणजे वास तुजो?” पात्रांव म्हणाला. तो खरंच सुटल्यासारखा दिसला. वास त्याला सकाळपासून येत होता. पण रात्री एका बारशाला जाऊन आलेला, तेव्हा आपलाच असेल म्हणून गप्प होता.

मग त्याचा चेहरा उतरला. मी लावलेलं प्रत्येक शून्य फेणीच्या हवेत लावलेलं होतं. अशी यंत्रं खाणीत मिथेन कमी दाखवतील. माझ्या मामाच्याच छातीवर. त्यानं ती सगळी ताईपुढं ठेवली आणि मला म्हणाला, “घरा वच. फाल्यां यो.”

‘घरा वच’ म्हणजे घरी जा. पुढचं मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. मी सर्वणला आलो आणि पेटी भरायला घेतली. माझं घर चंद्रपूरला.

“खंय चल्लो?” काकींनी विचारलं.

“काढलं जी मला. घरा वच म्हणाले.”

“आनी कितें म्हणलें?”

“फाल्यां यो.”

काकी खाली बसून पदर तोंडाला लावून हसल्या. “पिशा, फाल्यां म्हटल्यार उद्यां. उद्यां यो म्हणला तो.” मग माझ्या तोंडाकडं बघून त्या उठल्या, पेटीतले कपडे काढून दोरीवर टाकले आणि आंघोळीला पाणी तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पात्रांवानं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. माझ्या छातीला यंत्र लावलं, मग पाठीला, मग थोडा विचार करून तोंडाजवळ. पडद्यावर शून्य.

“भितर यो,” तो म्हणाला. हे मला कळलं.