फाटकाबाहेरच्या शिव्या

माझ्या साडूनं जन्मात एकही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरी मानली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा त्यानं आधी दोन-चार दिवस पहाटे उठून बघितलं असेल आणि मगच बापाला हो म्हटलं असेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा, माकुणसारचा, बैलगाडीची चाकं करणारा सुतार. शाळेचं तोंड त्यानं बघितलं नव्हतं आणि मी मराठी चौथी, त्यामुळे आमच्या दोघांत विद्वान मीच. पण चाकावर हातोडीची एक टिचकी मारून आतलं लाकूड कुठं किडलंय ते सांगणारा माणूस सफाळ्यापासून मनोरपर्यंत दुसरा नव्हता. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथं लिहून टाकतो.

छत्री घ्यायला तो पालघरच्या बाजारात गेला, तर दुकानदाराकडे आधी बादलीभर पाणी मागितलं. दुकानदार म्हणाला, ‘‘बाबा, पावसाळ्यात कळंलच की.’’ हा म्हणाला, ‘‘पावसाळ्यात तू खोटा निगालास तर मी भिजणार. आता निगालास तर तुजी गादी भिजंल. तेच बरं नाय का?’’ छत्री खरी निघाली. गादी भिजली ती भिजलीच, पण पुढं आमच्या सगळ्या गोतावळ्यातल्या छत्र्या त्याच दुकानातून आल्या, म्हणजे दुकानदाराचं काही वाईट झालं नाही. सफाळ्याला नवा डॉक्टर आला, त्यानं याला खोकल्याचं औषध दिलं, तर हा बाटली पुढं करून म्हणतो, ‘‘आधी तुमी घ्या.’’ डॉक्टर तरुण होता, हसत हसत एक घोट प्याला आणि त्या कडू औषधानं त्याचं तोंड असं काही झालं, की साडू खूश. ‘‘माणूस खरा हाय,’’ असं सांगत तो गावभर फिरला. लग्नाला मुलगी बघायला आला तेव्हा पोहे तसेच ठेवून दाराच्या चौकटीपाशी अर्धा तास उभा राहिला, सांध्यावरून बोट फिरवलं आणि ‘‘पसंत’’ म्हणाला. आमची मेव्हणी जन्मभर सांगायची, ‘‘मला बगायला आला आन् चौकट बगून गेला.’’

रेल्वेत बसायच्या आधी तर तो डब्याच्या चाकांवर हातोडी वाजवून बघायचा. ज्या चाकाचा आवाज पटेल त्या डब्यात बसायचा. सफाळ्याच्या स्टेशन मास्तरांनी पहिल्यांदा धरलं, दम दिला, दुसऱ्यांदा नुसतं डोक्याला हात लावला, आणि पुढं पुढं गाडी सुटायच्या आधी तेच हाक मारायचे, ‘‘काय मिस्त्री, सोडू का?’’ मनोरच्या बाजारात बैल घेतला तेव्हा व्यापाऱ्याच्या घरी दोन दिवस राहून आला. मी म्हटलं, बैल दोन दिवस काय बघायचा? तर म्हणाला, ‘‘बैल कोन बगतो? मालक बैलाशी बोलतो कसा ते ऐकत होतो.’’ अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तरीही घालायचो. मीही काही कमी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पासष्ट सालाच्या आसपास माझा थोरला मुंबईच्या कॉलेजातून विजेचा इंजिनियर झाला. आमच्या गावात त्याच्या आधी कोणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं. साडूला मूल नव्हतं, आणि हा पोरगा लहानपणी अर्धा वेळ माकुणसारला त्याच्या लाकडाच्या भुशातच लोळलेला. एकाच आठवड्यात पोराला दोन नोकऱ्यांची पत्रं आली, दोन्ही इंग्रजीत, दोन्हींवर ठसठशीत शिक्के. एक होतं तारापूरचं. तिथं समुद्राकाठी अणूतून वीज काढायचं मोठं काम निघालं होतं, त्या कामावरच्या एका ठेकेदाराचं ते पत्र. दुसरं पुण्याच्या पलीकडच्या एका कारखान्याचं, तिथं विजेच्या मोटारी तयार व्हायच्या. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं.

मी तेव्हाच्या तेव्हा ठरवलं, तारापूर. पगार जास्त. पालघरहून गाडीनं बोईसर, तिथून कामगारांचा ट्रक, संध्याकाळी पोरगा घरी जेवायला. लोक नाही नाही ते बोलत होते. कोणी म्हणे त्या विजेचा दिवा लावला की माणसाची हाडं दिसतात, कोणी म्हणे आजूबाजूच्या म्हशी आटणार. मी कोणाचं ऐकलं नाही. देवळापुढं बसून सगळ्यांना सांगून टाकलं, की माझा मुलगा तारापूरला चालला. मी एकदा बोललो की बोललो. पोरगा मात्र दोन्ही पत्रं घेऊन ओटीवर बसायचा, एक वाचायचा, मग दुसरं वाचायचा. त्याची आई म्हणायची, ‘‘अरे, पत्रं हायत का पत्ते?’’ तो नुसता हसायचा. त्याच्या मनातलं मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात साडू आला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, तारापूर कोनी बगितलं?’’

‘‘बगायचं काय त्यात? एवडं मोठं काम चाललंय.’’

‘‘आन् ते पुन्याकडचं?’’

‘‘तेही कोनी नाय. तिकडं जायचंच नाय.’’

‘‘मी बगून येतो,’’ तो म्हणाला. ‘‘दोनी.’’

मी कपाळावर हात मारला. पोरगा मात्र खुदकन हसला आणि त्यानं काकाला दोन्हींचे पत्ते कागदावर लिहून दिले. काकाला वाचता येत नव्हतं, पण रस्त्यात कोणाला दाखवता येत होतं.

तारापूरला तो तीन दिवस गेला. आत जायचा विचारच त्यानं केला नाही. भाकरी बांधून घ्यायची आणि संध्याकाळी काम सुटायच्या वेळेला फाटकासमोर बाभळीखाली बसायचं. आत काय, साहेब सांगेल ते दाखवतील, त्याचं म्हणणं. कामावरून सुटलेला माणूस मात्र खोटं चालू शकत नाही. राखणदार उत्तरेकडचा भय्या होता. पहिल्या दिवशी त्यानं हटकलं, ‘‘क्या चाहिए, बाबा?’’

‘‘काय नको. मानसं बगतोय.’’

‘‘कौन सा आदमी?’’

‘‘सगळी.’’

तिसऱ्या दिवशी त्याच राखणदारानं याला चहा पाजला. मग हा पुण्याच्या पलीकडे गेला, मारुतीच्या देवळात मुक्काम ठोकला आणि दोन दिवस त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर बसला. आठव्या दिवशी भर दुपारी, धुळीनं गुडघ्यापर्यंत भरलेला, थेट आमच्या घरी.

बायकोनं पाण्याचा तांब्या दिला. तो अर्धा प्याला आणि बोलू लागला. ‘‘तारापूरचं काम लय मोठं हाय, भाऊ. एवडं लोखंड मी जन्मात नाय बगितलं. मानसं दमून बायेर येतात, पन हसत येतात. वाईट नाय.’’

‘‘मग झालं तर!’’

‘‘थांबा की. आपला पोर विजेचा. तिथं अजून शिमिटाचं चाललंय. वीज यायला चार पावसाळे तरी हायत. तवर तो काय करील? छत्री धरून हुबा र्‍हाईल. आता पुन्याकडचं ऐका. भोंगा झाला, सगळी गेली. फाटक लावायची येळ झाली. तवा मागनं एक म्हातारा आला टोपीवाला, आन् त्याच्यासंगं दोन पोरं, आपल्या पोराएवडीच. हात कोपरापत्तुर काळे. म्हातारा त्यांना शिव्या घालीत होता. फाटकाबायेर आला तरी घालीत होता. पार चौकापत्तुर घालीत गेला.’’

‘‘बरं, मग?’’

‘‘मग काय! पोराला तिकडंच धाडा.’’

‘‘शिव्या खायला?’’

‘‘ऐका तरी. दुसऱ्या दिवशी परत तोच म्हातारा, तीच पोरं. पन शिव्या येगळ्या. म्हंजे कालची चूक पोरांनी सुदारली होती, आज नवी केली. सुट्टी झाल्यावर कोन कोनाला फुकट शिव्या देतो, भाऊ? माजा बाप मला ताटावर बसल्यावर पन द्यायचा, चाकाच्या आऱ्यांवरनं. म्हनून मला चाक येतं.’’

ओटीवर पोरगा बसला होता, त्याचा चेहरा मी बघितला. बापाला असा चेहरा बघवत नाही. इतका उजळला होता तो, आणि माझ्यापासून इतका लांब गेला होता. मी देवळापुढं दिलेला शब्द मला आठवला, संध्याकाळचं जेवण आठवलं, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘‘तुला काय जातंय सांगायला? तुला पोर असतं तर कळलं असतं, लांब धाडनं म्हंजे काय ते.’’

आत चुलीपाशी बायकोच्या हातातलं भांडं वाजलं. साडूनं तांब्यातलं उरलेलं पाणी सावकाश संपवलं, तांब्या पालथा ठेवला. ‘‘तसं आसंल, भाऊ,’’ म्हणाला, आणि उठून चालायला लागला. आमच्या घरून जेवल्याशिवाय गेलेला मी त्याला तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी बोंबलाचं कालवण होतं.

घरात कोणी माझ्याशी बोलेना. उत्तर द्यायला चार दिवस उरले होते. मी म्हटलं, ठीक आहे, आता मीच तारापूरला जातो आणि साडूला खोटा पाडून येतो. गेलो. फाटकासमोर त्याच बाभळीखाली बसलो. माणसं सुटली, गेली. मला त्यांच्या चालण्यात काय बघायचं तेच समजेना. मला सगळ्यांचे दोन पाय दिसत होते. तेवढ्यात तो राखणदार जवळ आला आणि म्हणाला, ‘‘वो दूसरे बाबा नहीं आए?’’

मी विचारलं, ‘‘ते क्या बोलते थे तुमको?’’

राखणदार हसला. ‘‘बोलते थे, मेरा लड़का इंजीनियर है, इधर लग गया तो मैं हर शनिचर को शाम को आऊँगा, यहीं पेड़ के नीचे बैठूँगा, उसको निकलते देखूँगा। मेरे को बोला, चाय तैयार रखना।’’ मग त्यानं विचारलं, ‘‘कब लग रहा है उनका लड़का?’’

मी उठलो आणि बोईसरची वाट धरली. शनिवारची जागा बघून, चहा सांगून ठेवून हा माणूस पुण्याला गेला होता, आणि परत येऊन म्हणाला होता, तिकडंच धाडा.

घरी आलो आणि पोराला म्हटलं, ‘‘पुन्याला जा.’’ तो लगेच पत्राचं उत्तर लिहायला बसला. देवळापुढं लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तारापूरचा वारा खारट आहे, पोराला मानवत नाही. समुद्रापासून दोन कोसांवर वाढलेल्या पोराबद्दल मी हे बोललो आणि कोणाची हसायची हिंमत झाली नाही. पोरगा निघायच्या आधी माकुणसारला जाऊन काकाच्या पाया पडून आला. मी गेलो नाही. जायला पाहिजे होतं. चप्पल दोनदा पायात घातली आणि दोनदा काढली.

महिना गेला. एका सकाळी मी वाडीत वेली बांधत होतो, तर कुंपणापाशी साडू उभा. हातात कार्ड. म्हणाला, ‘‘भाऊ, पोराचं आलंय. वाचून द्या.’’ जणू मधलं काही झालंच नव्हतं. कार्ड त्याच्या नावावर होतं. मला आलेल्या कार्डात चार ओळी होत्या, याच्यात दोन्ही बाजू भरलेल्या. मी वाचलं. पोरानं लिहिलं होतं, काका, म्हातारा भेटला. पहिल्याच दिवशी मी तारा उलट्या जोडल्या, तर गेटपर्यंत शिव्या खाल्ल्या. काल चौकापर्यंत गेलो. साडू डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, ‘‘चौकाचं परत वाचा.’’ मी परत वाचलं. मग आम्ही घरी जाऊन जेवलो, आणि बायकोनं त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं दर महिन्याला तो कार्ड घेऊन आला, माकुणसारहून चालत. पोरगा तिकडेच मोठा झाला, तिकडेच राहिला, तिकडेच त्यानं घर केलं. आता सणावाराला येतो. मी बोललेलं ते वाक्य परत घेतलं नाही आणि साडूनंही कधी काढलं नाही. मी वाचायचो, तो ऐकायचा, जेवायचा, जायचा.

तो गेला तेव्हा दहाव्याला मी माकुणसारला गेलो. त्याच्या घराला लागूनच एक निवृत्त मास्तर राहतात, भिंतीला भिंत. ते म्हणाले, ‘‘सगळ्या आळीची पत्रं मीच वाचून देतो. यांना किती वर्षं सांगितलं, मिस्त्री, कशाला एवढं चालता, आणा इकडं. तर म्हणायचे, नको, आमच्या भाऊंसारखं कोणाला वाचता येत नाय.’’

मी चौथी. जोडाक्षर आलं की अजून थांबतो.