नकाशातली विहीर

त्या दिवशी खोलीत आमी तिघीच व्हतो. मी, माझी सून, आन् मारुंजीच्या आमच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतलेली आयटीतली पोरगी, इदर्भाकडची. दीर खाली वट्ट्यावर बसला व्हता, त्यालाबी धरा. मी सांगतीया, सून लिहितीया.

माझा ल्योक उरवड्याला कारखान्यात नकाशे काढायचा. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं आमच्या रानाचाबी काढला व्हता. विहिरीपास्नं बांधाचा दगड किती फुटांवर पुरलाय, त्ये त्यात व्हतं. पुढं ल्योक गेला, कॉम्प्युटर बिघडला, नकाशाची फ्लॉपी तेवढी ऱ्हायली. दिरानं बांध कोरत कोरत पार विहिरीला आनून भिडवला. आता मोजणी आली. दगड घावला न्हाई तर विहीर जानार.

पोरीनं फ्लॉपी हापिसात नेऊन त्यातलं सगळं लॅपटॉपात उतरवून आनलं. दोन दिवस फ्लॉपी घराभाईर. त्यात तिला गेटापाशी दिरासंगं हसून बोलताना मी बघितलेलं.

दसऱ्याच्या दुपारी ती बसली. म्हनली, "आजी, नकाशाचा प्रोग्राम जुन्या डॉसचा आहे. लॅपटॉपला तो कळत नाही. म्हणून ह्याच्या आतच एक खोटा जुना कॉम्प्युटर चालवायचा."

"खोटा? मंग नकाशाबी खोटाच दावंल."

"आत्याबाई, गप ऱ्हावा की," सून म्हनली.

आधी पडदा नुसता काळा. मंग नकाशा आला, पर विहीर आडव्या अंड्यावानी.

"माझी विहीर गोल हाय. कुनी दाबली ही?"

"कुणी नाही दाबली, आजी. जुना पडदा चौकोनी होता, हा रुंद आहे. थांबा ना जरा."

तिनं कायतरी लिहिलं, बंद करून पुन्यांदा चालू केलं. विहीर गोल झाली. मला पटलं न्हाई. जी विहीर गोल करती, ती बांधबी सरकवंल.

आकडे मुंगीएवढे. मोठे करायला माऊसनं चौकट ओढायची. एरवी ती लॅपटॉप बोटानंच चालवायची, माऊस ह्याच कामाला जोडलेला. बाण हालंना. हालला तर कोपऱ्यात जाऊन चिकटला. तिनं सेटिंग बदलली, पुन्यांदा बदलली. तास गेला.

खालनं दीर वरडला, "वहिनी, दगड घावला का टीव्हीच बघताय?"

मी पोरीला इचारलं, "काय दिलं त्यानं तुला?"

ती उठून पानी प्यायला गेली.

मी माऊस उचलून उलटा केला. खाली लाल उजेडाचं भोक आसतं, त्यावर कुंकू वाळलेलं. माझंच. आदल्या दिवशी खंडेनवमी. कोयता, इळा, पहार पुजली, आन् माझ्याकडच्या किल्लीनं तिची खोली उघडून माऊसलाबी हळद-कुंकू लावलं. वरनं लावलं तर पोरीची बोटं माखतील, म्हनून खालनं.

पदर वला करून पुसलं. सुनेनं बघितलं. तिनं कागद-पेन पुढं वढलं.

पोरगी आली, बाण भराभरा पळाला. "शेवटचं सेटिंग बरोबर लागलं," म्हनली. डोळं लाल व्हतं तिचं. सुनेनं आकडे कागदावर उतरवले. सकाळी पहारीनं खणलं, हातभर खाली दगड घावला. विहीर ऱ्हायली.

महिन्यानं पोरीनं खोली सोडली. जाताना पाया पडली. तवाबी माझ्या तोंडातनं शब्द निघाला न्हाई.

ह्ये वाचनाऱ्यानं एवढं करा. अशी पोरगी कुटं भेटली तर तिला सांगा, तुझं सेटिंग आधीच बरोबर व्हतं. कुंकू म्या लावलं व्हतं.