रुंद चाक आणि आमचे अण्णा

केशवरावांची, म्हणजे आपल्या सर्वांच्या अण्णांची आणि माझी पहिली भेट वाळवा तालुक्यातल्या चिखलात झाली. उसानं भरलेला माझा ट्रक फडात रुतला होता. मागच्या जोडटायरांमध्ये ढेकळं आणि दगड गच्च बसले होते, आणि मी मालकाच्या रुबाबात ड्रायव्हरला शिव्या घालत उभा होतो. तेवढ्यात अण्णा आपला ट्रक घेऊन आले. त्यांच्या ट्रकला मागे दोन-दोन टायरांऐवजी एकेकच रुंद टायर होता. फौजेतून माधवनगरला परतल्यावर त्यांनी मोडीत निघालेल्या लष्करी गाडीची चाकं बसवून घेतली होती. त्यांनी माझा ट्रक ओढून काढला.

त्या चाकांचं अण्णांना भारी कौतुक होतं. वजन कमी, मधे दगड अडकायची भानगड नाही, मऊ रानातही गाडी रुतत नाही. मी विचारायचो, तो एकच टायर बसला तर सावरणार कोण? "तवा थांबायचं, गड्या," ते सहज म्हणत.

त्यांचा ड्रायव्हर शंकर मात्र जोडटायरांवर तयार झालेला. आमच्या ड्रायव्हरांची रीतच अशी, की जोडीतला एक टायर बसला तरी दुसऱ्याच्या भरवशावर गाडी कारखान्यापर्यंत रेटायची, कारण ऊस वाळायला नको. एके दिवशी अण्णांचा ट्रक ऊस घेऊन निघाला, तेव्हा टायर मऊ लागतोय, हवा उतरतेय, हे शंकरनं शेजारी बसलेल्या मुकादमाला सांगितलं होतं. वर म्हणाला, "जाऊ की कारखान्यापातुर." इस्लामपूरच्या अलीकडे उतारावर टायर फाटला. गाडी उलटली. मुकादम वाचला, शंकर गेला.

तो प्यायलेला होता, अशी कुजबुज सुरू झाली. दहाव्याला अण्णा सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. "शंकर पेला नव्हता. टायर म्या बदलला, त्येची सवय बदलायची ऱ्हायली. चूक माजी हाय." मालक माणसाला असं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

अण्णांनी ती चाकं काढून टाकली. चाकं वाईट नव्हती, शेतात तर उत्तमच होती, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण तेवढ्यानं त्यांचं दुःख तसूभरही कमी झालेलं नाही. तेव्हापासून त्यांच्या आवारातून ट्रक निघाला की अण्णा फाटकात उभे राहून विचारतात, "टायर मऊ लागला तर?" ड्रायव्हरनं "थांबायचं, अण्णा" म्हटल्याशिवाय फाटक उघडत नाही. हृदयाचं दुखणं जडलंय, सांगलीच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, तरी भल्या पहाटे ते फाटकात हजर असतात. त्यांना हसताना पाहून मला किती वर्षं झाली, ते आठवत नाही.

शंकरचे वडील बापू एकटेच राहतात. बाजाराच्या दिवशी अण्णा त्यांच्याकडे जाऊन बसतात. षष्ट्यब्दीच्या सत्काराला अण्णांनी साफ नकार दिला, तेव्हा मी बापूंनाच बरोबर घेऊन गेलो. बापू फाटकाला टेकून म्हणाले, "आवं अण्णा, समद्यास्नी थांबा म्हंतासा, आन् तुमी कवा थांबनार? माजा एक गेला. तुमी तरी ऱ्हावा."

अण्णांनी मान खाली घातली आणि सत्काराला होकार दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ते पुन्हा फाटकात हजर होते. अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं आम्ही सगळेच मनापासून म्हणतो आहोत. पण बापूंना अजून उत्तर मिळायचंय.