कोपऱ्यातल्या खोलीची पाळी

१४ ऑक्टोबर १९७४. सहा खोल्या, बत्तीस माणसे.

त्या दिवशी सकाळी दौंडच्या मैत्री निवासातली बत्तीसही माणसे आपापले सामान उचलून एकेक खोली पुढे सरकली. तळमजल्यावर तीन खोल्या होत्या, माडीवर तीन. दर तीन वर्षांनी, धर्मांतराच्या दिवशी, प्रत्येक कुटुंबाने पुढच्या खोलीत जायचे, असा तिथला नियम होता. निघणाऱ्याने खोली चुन्याने रंगवून द्यायची आणि येणाऱ्याने आल्यावर त्याला चहा पाजायचा. ताईबाई ओव्हाळ त्या दिवशी माडीवरच्या मधल्या खोलीत आल्या. भिंतींचा चुना अजून ओला होता. तो भामाबाई सोनवणे यांनी लावला होता, कारण रांगेत भामाबाई नेहमी ताईबाईंच्या एक खोली पुढे असत. भामाबाई आता कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या होत्या. तिला पूर्वेला आणि दक्षिणेला खिडक्या होत्या आणि इंजिनांचा धूर तिथपर्यंत पोचत नसे. पुढच्या खेपेला, १९७७ साली, ती खोली ताईबाईंची होती.

ही वाट त्या बासष्टपासून पाहत होत्या. त्या वर्षी लोकोशेडमधल्या सहा बौद्ध कामगारांनी मिळून ही इमारत विकत घेतली. एकेकट्याला गावात कोणी जागा देत नव्हते आणि एकट्याची ऐपतही नव्हती. खरेदीखतावर सहा नावे चढली, पण कोणती खोली कोणाची, हे त्यात लिहिले नाही. तळमजल्यावरची शेवटची खोली संडासाला लागून होती. तिथे पहिल्यांदा कोण राहणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा ताईबाईंचे यजमान खंडू म्हणाले, "पयली पाळी आमची." जो तिथून सुरुवात करील त्याला कोपऱ्यातली खोली सगळ्यांच्या शेवटी मिळणार, हे त्यांना कळत होते. खंडू सत्तर साली वारले, तेव्हा कुटुंब तळमजल्यावरच होते.

ही पाळी त्यांना कोणी शिकवली नव्हती. गावकीची कामे, सांगावे पोचवणे, वेशीवरचा पहारा ही सारी त्यांच्या बापजाद्यांच्या घरांत पाळीने फिरत आली होती. ते काम त्यांनी धर्माबरोबर सोडले, त्यातला अपमान सोडला. मात्र ओझे एकाच घरावर कायमचे पडू नये हा त्यातला न्याय त्यांनी ठेवला आणि या वेळी तो वाऱ्या-उजेडाच्या वाटपाला लावला. पाळी कागदावर घालावी असे कोणाच्याही मनात आले नाही. गावात तरी ती कोणी कागदावर घातली होती?

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात जालिंदर भालेराव ताईबाईंच्या दारात आले. सहा मालकांपैकी ते सर्वांत शिकलेले, शेडमध्ये कारकून झालेले. स्टेशनजवळची जागा म्हणून एका व्यापाऱ्याने गोदामासाठी सबंध इमारत मागितली होती आणि बाकीचे पाच जण तयार होते. त्यांची मुले पुण्याच्या कारखान्यांत लागली होती आणि त्यांना तिकडे घरे हवी होती. यात गैर काही नव्हते.

"वहिनी, तुमची तेवढी सही राहिली. गिऱ्हाईक अख्खी इमारत मागतंय. एक खोली मागं ठेवून न्हाई घ्यायचं ते."

"सत्याहत्तरला माझी पाळी हाय, भाऊजी. तिथं तीन वर्सं राहू द्या. मग मीच म्होरं होऊन अंगठा देते."

"तवर गिऱ्हाईक थांबतंय व्हय?"

"मी न्हाई का थांबले?"

जालिंदर हसले. "आवो, त्या कोपऱ्यात काय राजवाडा हाय का?"

"तुमाला म्हाईत. पयल्यांदा तुमीच व्हता की तिथं!"

जालिंदर पायऱ्या उतरून गेले. ताईबाईंच्या मागे त्यांची मुलगी रंभा भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिला दमा होता. यार्डात इंजिन पेटले आणि वारा इकडे फिरला की ती बोलता बोलता थांबे, आणि ताईबाईही हातातले काम थांबवून तिच्या छातीकडे पाहत राहत. त्या एका दवाखान्यात आया होत्या. खिडकी कोणत्या दिशेला असावी, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते.

महिन्याभरात न्यायालयाचे समन्स आले. पाच जणांनी वाटपाचा दावा लावला होता आणि इमारतीचे तुकडे पडत नाहीत म्हणून ती विकून प्रत्येकाला हिस्सा द्यावा, अशी मागणी केली होती. निम्म्याहून अधिक हिस्सेदार विक्री मागत असतील तर न्यायालय ती मंजूर करू शकते. ज्याला विकायचे नाही त्याने इतरांचे हिस्से विकत घ्यावेत, असे कायदा म्हणतो. ताईबाईंना ते शक्य नव्हते.

त्यानंतरची दोन वर्षे ताईबाईंनी जिन्यावर कान ठेवून काढली. व्यापाऱ्याची माणसे भरदिवसा टेप घेऊन येत आणि भिंती मोजत. दवाखान्यातून परतताना ताईबाई कोपऱ्यावरून आधी आपली खिडकी पाहत, आणि पडदा जागेवर दिसला की मग चालत. केंदूरहून त्यांचा भाऊ पोपट आला. "आक्का, काय झालंच तर गावाकडं ये," तो म्हणाला, पण त्याची स्वतःची सात माणसे एका खोलीत होती आणि त्याने दुसऱ्यांदा म्हटले नाही. भामाबाई नळावर भेटत. नवऱ्याच्या माघारी त्यांनीही दाव्यावर सही केली होती. "ल्योक ऐकत न्हाई, ताई," त्या म्हणत आणि भरलेली घागर तशीच ठेवून उभ्या राहत. ताईबाई आपली घागर उचलून निघत.

ताईबाईंच्या वकिलांनी एकच बचाव उभा केला होता: वाटणी पूर्वीच तोंडी झाली आहे, प्रत्येकाची खोली ठरलेली आहे, तेव्हा विकण्यासारखे एकत्र काही उरलेलेच नाही. त्यांनी ताईबाईंना बजावले, "विचारतील तेवढंच बोला. वाटणी झाली, ही खोली माझी. बस." ताईबाईंना यात खोटे काही वाटले नाही. सगळे ठरलेले होतेच.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये त्या साक्षीला उभ्या राहिल्या. पाच जण समोरच्या बाकावर होते. त्यांच्या वकिलांनी विचारले, "आज राहता ती खोली पहिल्यापासून तुमचीच?"

"न्हाई."

"पहिली कोणती होती?"

"खालची. संडासाजवळची."

"म्हणजे नवरा वारल्यावर, बाईमाणसाला कोण बोलणार म्हणून, तुम्ही तिथून उठून माडीवरची बरी खोली बळकावलीत?"

मागे कोणीतरी हसले. ताईबाईंचे वकील उठण्याच्या आत त्या बोलू लागल्या.

"बळकावली? इचारा त्या भामाबाईला! तिनं चुना लावून दिली मला खोली. आमच्यात कुणी बळकावत न्हाई, सायेब. तीन वर्सं झाली की समद्यांनी हलायचं. घाणीचा वास एकाच्याच नाकाला का म्हणून? माजं मालक आपणहून तिथं ऱ्हायलं पयल्यांदा."

"असं. मग कोणती खोली कोणाची, हे कधी ठरलंच नाही?"

"ठरलं व्हतं की! कुणाचीच न्हाई, असं ठरलं व्हतं."

वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचे नव्हते. बाकावर भामाबाईंनी पदर तोंडाशी नेला. बाहेर आल्यावर ताईबाईंनी आपल्या वकिलांना विचारले, "चुकलं का काई?" त्यांनी कागद पिशवीत भरले आणि पुढच्या तारखेला येण्याची गरज नाही, एवढेच सांगितले.

निकालात कायद्याची चूक नव्हती. प्रतिवादी क्रमांक एकच्याच जबानीवरून वाटणी झालेली नाही हे सिद्ध होते, मिळकत एकत्र आहे आणि तिचे सोयीस्कर तुकडे पडत नाहीत, असे न्यायाधीशांनी लिहिले. हिस्सा आणि ताबा हे दोन शब्द कायद्याला समजतात. ज्याने आधी वाईट सोसले त्याचे पुढचे चांगले इतरांकडे जमा असते, ही गोष्ट लिहायला त्या निकालपत्रात जागा नव्हती. ती ज्यांना समजत होती ते पाचही जण वादी होते.

सप्टेंबरमध्ये विक्री झाली. इमारत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोकळी करायची होती. बाकीचे एकेक करून गेले. ताईबाईंना लोहमार्गापलीकडे, कोळशाच्या वखारीमागे एक भाड्याची खोली मिळाली. दुसरीकडे आडनाव विचारून दारे लागली होती. चौदा तारखेला सकाळी त्या शेवटचे गाठोडे न्यायला माडीवर आल्या, तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीचे दार उघडे होते. भामाबाई पुण्याहून पहिल्या गाडीने आल्या होत्या आणि स्टुलावर उभ्या राहून पूर्वेच्या भिंतीला चुना लावत होत्या. व्यापाऱ्याचा माणूस किल्ली घ्यायला दारात ताटकळत होता.

"आवो मावशी, उद्या पाडायची हाय ती भिंत," तो म्हणाला.

"तुज्यासाठी न्हाई लावत," भामाबाई म्हणाल्या.

ताईबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. दोन्ही खिडक्यांतून वारा येत होता. त्यांनी आत पाऊल टाकले नाही. भामाबाईंनी शेवटचा हात मारला, त्या खाली उतरल्या आणि बादली घेऊन जवळून गेल्या. चहा करायला चूल राहिली नव्हती.

विक्रीतला हिस्सा ताईबाईंना न्यायालयामार्फत पूर्ण मिळाला. १४ ऑक्टोबर १९७७पासूनची कोपऱ्यातल्या खोलीची तीन वर्षे त्यांना द्यायची बाकी आहेत.